प्रोसेसची माहिती वाचताना लॉक (लिनक्स कर्नल)

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, प्रत्येक प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची), खरे तर तिच्यातल्या प्रत्येक थ्रेडची (कामाच्या स्वतंत्र धाग्याची), नोंद ‘टास्क_स्ट्रक्ट’ या रचनेत असते. ती वाचण्याआधी लॉक (दुसऱ्याने मध्येच बदल करू नये म्हणून लावायचे कुलूप) घ्यावे की नाही, हे नोंद कोणाची आणि तिच्यातला कोणता रकाना हवा, यावर ठरते. स्वतःची नोंद, म्हणजे ‘करंट’, वाचायला सहसा लॉक लागत नाही. आपण चालू असताना ती नाहीशी होत नाही आणि आपले क्रेडेन्शियल (ओळख आणि परवानग्या) आपल्याशिवाय कोणी बदलत नाही.

दुसऱ्याची नोंद वाचायची तर अडचण येते. इंदूरच्या सराफ्यात दिवसा जिथे सोन्याचांदीची दुकाने उघडी असतात, तिथेच ती बंद झाल्यावर भुट्ट्याच्या किसाचे आणि थंडीत गराडूचे (एका कंदाचे) ठेले लागतात. दुपारी टिपून घेतलेल्या पत्त्यावर रात्री दहाला गेलात तर पत्ता बरोबर, पण समोर कढई! जुना पॉइंटर, म्हणजे नोंदीचा टिपून ठेवलेला मेमरीतला पत्ता, असाच फसवतो. प्रोसेस संपून तिची जागा भलत्याच नोंदीला गेलेली असते आणि वाचणारा कोड निमूट तेच वाचतो. सराफ्यात निदान पोट तरी भरते.

म्हणून सगळ्या प्रोसेसच्या यादीवरून फिरताना ‘आरसीयू_रीड_लॉक’ घेतात. आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) 2002 साली कर्नलमध्ये आले. नावात लॉक असले तरी ते लिहिणाऱ्याला अडवत नाही. ते घेतलेले असेपर्यंत यादीतून काढलेली नोंद मोडीत निघत नाही, एवढीच त्याची हमी. आतले आकडे मात्र वाचता वाचता बदलू शकतात, आणि नवखे नेमके इथेच चुकतात. सुटा एखादा आकडा हवा असेल तर तो एकदाच वाचणाऱ्या ‘रीड_वन्स’ने भागते. उघड्या फायलींच्या तक्त्याचा पॉइंटर दुसऱ्या टास्ककडून (दुसऱ्याच्या नोंदीतून) घ्यायचा तर त्या नोंदीचे ‘टास्क_लॉक’ लागते.

आरसीयू घेतलेले असताना झोपायला, म्हणजे वाट पाहत थांबून प्रोसेसर दुसऱ्याला द्यायला, बंदी आहे, आणि युजरच्या मेमरीत काही कॉपी करताना झोपावे लागू शकते. अशा वेळी ‘गेट_टास्क_स्ट्रक्ट’ने नोंद वापरणाऱ्यांची गणती एकाने वाढवून आरसीयू सोडतात, काम उरकले की ‘पुट_टास्क_स्ट्रक्ट’ करतात.

पण नोंद धरून ठेवली म्हणजे प्रोसेसची मेमरीही हाती राहिली, असे नाही. प्रोसेस बाहेर पडताना मेमरी आधीच सोडून देते. तिच्यासाठी ‘गेट_टास्क_एमएम’ वेगळे आहे. ते आतल्या आत ‘टास्क_लॉक’ घेते. हाती आलेला पॉइंटर रिकामा नाही ना, हे पाहायचे, कारण कर्नल थ्रेडला स्वतःची अशी मेमरी नसतेच. मग मेमरीचे पट्टे तपासायला ‘एमएमॅप_लॉक’ (2020 पूर्वीचे ‘एमएमॅप_सेम’), आणि शेवटी धरलेली मेमरी सोडायला ‘एमएमपुट’.