यकृताच्या कर्करोगाचे उपचार आणि एम.आर.आय.: मोजमाप कसे बदलत गेले

यकृताच्या गाठीवर उपचार होऊन दीड-दोन महिने झाले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत एम.आर.आय.चा रिपोर्ट येतो आणि त्यातली एक ओळ नातेवाइकांना हमखास बुचकळ्यात टाकते. गाठ पूर्वी चार सेंटिमीटर होती, आताही चारच आहे, आणि तरीही डॉक्टर समाधानी दिसतात. हे कोडे समजून घ्यायचे तर उपचाराचे यश कशावरून मोजायचे, याचा गेल्या चार-साडेचार दशकांचा इतिहास पाहावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये दिलेल्या निकषांत गाठीचे दोन व्यास मोजून त्यांचा गुणाकार केला जाई. २००० साली आलेल्या ‘रेसिस्ट’ निकषांनी हे काम एका व्यासावर आणले : ठरवून दिलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के घटली तर अंशतः प्रतिसाद, २० टक्के वाढली तर आजार बळावला. पेशी मारून गाठ आक्रसवणाऱ्या केमोथेरपीसाठी ही पद्धत सोयीची होती. यकृताच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडली, कारण इथले उपचारच वेगळे होते.

निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, तर यकृताच्या मूळ कर्करोगाची, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, गाठ बहुतांशी यकृत धमनीवर पोसते. याच फरकाचा फायदा घेऊन त्या धमनीतून औषध सोडून ती वाट बंद करणारी ‘टेस’ पद्धत रुजली, आणि २००२ मध्ये बार्सिलोना व हाँगकाँग येथील दोन चाचण्यांनी निवडक रुग्णांचे आयुष्य तिने वाढते हे दाखवले. या उपचारात गाठ मरते, पण मेलेली गाठ लगेच नाहीशी होत नाही. कित्येक महिने ती त्याच आकाराची राहते. म्हणून २००० साली बार्सिलोनात भरलेल्या युरोपीय यकृततज्ज्ञांच्या बैठकीने आकाराऐवजी जिवंत उरलेला भाग पाहावा, असे सुचवले. २००८ मध्ये सोराफेनिब गोळीच्या ‘शार्प’ चाचणीने जुन्या मोजपट्टीची मर्यादा आणखी उघडी पाडली : रुग्णांचे मध्यक आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले, पण व्यासाच्या हिशेबाने अंशतः प्रतिसाद जेमतेम दोन टक्के रुग्णांत दिसला. २०१० मध्ये लेन्सिओनी आणि योव्हेत या तज्ज्ञांनी ‘सुधारित रेसिस्ट’ मांडले; त्यात धमनी-टप्प्यात, म्हणजे शिरेतून टोचलेले कॉन्ट्रास्ट (चित्रात उजळ दिसणारे औषध) यकृत धमनीतून गाठीत पोहोचते त्या वेळी, उजळणाऱ्या भागाचाच व्यास मोजतात.

आता उजळणारा भाग नेमका ओळखायचा कसा, हा प्रश्न उरला, आणि एम.आर.आय.चे महत्त्व तिथून वाढले. लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुनादातून प्रतिमा मिळवून दाखवली होती, पण श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या यकृताची स्पष्ट प्रतिमा मिळायला, एका श्वासात पुरे होणारे वेगवान स्कॅन येईपर्यंत थांबावे लागले. टेसमध्ये वापरलेले लिपिओडॉल हे तेलकट द्रव्य सी.टी.वर पांढरेशुभ्र दिसते आणि शेजारचा जिवंत भाग झाकून टाकते, एम.आर.आय.वर ही अडचण फारशी येत नाही. मृत गाठीतले रक्त मात्र एम.आर.आय.च्या काही चित्रांत कॉन्ट्रास्टविनाच उजळ असते. त्यामुळे कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचे चित्र वजा करतात. जे उरते तेच खरे उजळणे. पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या डिफ्युजन चित्रांची त्याला जोड मिळते.

हे सगळे काही सेकंदांच्या धमनी-टप्प्यावर अवलंबून असते. त्या क्षणी श्वास सुटला तर महागडा स्कॅन निम्मा वाया जातो. यंत्रात निजलेल्या आजीबाईंना ‘श्वास धरा’ म्हणायचे की कानडीत ‘उसिरु हिडीरी’, हे आधी विचारून घेणारा तंत्रज्ञ म्हणूनच या भागात मोलाचा, असे माझे मत आहे.

२०१७ पासून ‘लाय-रॅड्स’ या यकृताच्या स्कॅनचे ठरावीक वर्गीकरण करणाऱ्या पद्धतीत उपचारित गाठीचे जिवंत, मृत आणि संदिग्ध असे तीन वर्ग आले. पण किरणोत्सारी उपचारानंतर मरू घातलेली गाठही काही महिने उजळत राहू शकते, म्हणून २०२४ च्या आवृत्तीत अशा उपचारांसाठी वेगळी वाट आखली गेली.

प्रत्येक निष्कर्ष मागच्या चित्रांशी तुलना करूनच काढला जातो, आणि सीमाभागात नेमकी तिथेच पंचाईत होते. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, खानापूरचा बेळगावला, आणि पुढच्या उपचारासाठी कोणी मिरज, कोणी मुंबई गाठतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतल्यावर दोन राज्यांतली ही ये-जा अधिकच ठळक झाली. एका गावचा स्कॅन दुसऱ्या गावच्या रेडिओलॉजिस्टपुढे जाताना नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. उपचारापूर्वीच्या स्कॅनची सी.डी., उपचाराचा प्रकार व तारीख आणि कोणते कॉन्ट्रास्ट वापरले याची नोंद, एवढे सोबत असावे लागते.