भुकेल्याला दान आणि भुकेल्याचा वाटा

नाताळात चर्चतर्फे तांदूळ-डाळीच्या पिशव्या वाटल्या की भुकेल्यांप्रती आपलं ख्रिस्ती कर्तव्य झालं, असं आपण धरून चालतो. त्यात खोट नाही. मत्तयाच्या 25व्या अध्यायात भुकेल्याला दिलेलं अन्न येशू स्वतःला दिलेलं मानतो. पण भुकेसाठी बायबलात दुसरीही एक तजवीज आहे, आणि तिला दानाच्या पोत्यात कोंबलं की तिची धारच जाते.

ती म्हणजे सरवा, कापणीनंतर शेतात मागे राहिलेलं धान्य. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय सांगतो: शेत कापताना कडेकोपरे साफ करू नका, गळालेली कणसं उचलू नका, ती गरिबांची आणि परक्यांची. अनुवाद या पुस्तकाचा 24वा अध्याय तर म्हणतो, पेंढी शेतात विसरली तर आणायला परत फिरू नका. दानात कुणाला, किती, केव्हा हे देणारा ठरवतो. इथे मालकाचाच हात आवरलाय.

रूथच्या गोष्टीत दोन्ही एकाच शेतात दिसतात. मवाब या परक्या देशातली विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचते, तो नियमाने तिचा. बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतूनही मुद्दाम थोडं ओढून टाका. हे त्याचं दान. शिवाय तिला कुणी हात लावू नये अशी ताकीद देतो, ती मला दोन्हींहून मोलाची वाटते. हक्क कागदावर असला तरी परक्या बाईला तो बजावता आला पाहिजे ना!

पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही (चर्चमध्येही) हाच पेच आला. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. मंडळीने जादा वर्गणी गोळा केली नाही. वाटणारे सात जण नव्याने निवडले, आणि सातही नावं ग्रीक!

आपल्याकडे 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला 35 किलो धान्य ठरवलंय. ते न मिळाल्यास भत्त्याची तरतूद आहे. मशीनवर अंगठा जुळला नाही म्हणून रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परतलेल्या बाईला चर्चने पाच किलो तांदूळ दिले, तर ते दान. तिच्यासोबत तहसील कचेरीत जाऊन तक्रार लिहून दिली, पोच घेतली, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं, तर तो सरवा. पहिल्याचा फोटो छान येतो, दुसऱ्यात निम्मा दिवस रांगेत जातो.