डीव्हीडी बॅकअप (घरगुती)

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीची घरच्या कॉम्प्युटरवर जादा प्रत काढायची आणि ती कोऱ्या डिस्कवर लिहून ठेवायची, ह्या कामाला आणि त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरला मिळून हे नाव आहे. बोलताना लोक रिप करणं, श्रिंक करणं आणि बर्न (किंवा राइट) करणं असं म्हणतात, आणि ही खरंच तीन वेगळी कामं आहेत: कुलूप काढून फायली हार्डडिस्कवर आणणं, त्या कोऱ्या डिस्कवर मावतील इतक्या लहान करणं, आणि शेवटी लेझरने लिहिणं. कोर्टात जे काही गाजलं ते जवळपास सगळं पहिल्या कामावरून गाजलं, पण तांत्रिक अक्कल सगळ्यात जास्त लागली ती दुसऱ्या कामात, आणि त्याबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलंय. भरभराटीचा काळ ढोबळमानाने 2001 ते 2008 धरायला हरकत नाही.

कुलूप. डीव्हीडी जपानमध्ये 1996च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेत 1997मध्ये बाजारात आली तेव्हाच तिच्यात कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम म्हणजे सीएसएस नावाची सांकेतिक योजना घातलेली होती. ती मात्सुशिता आणि तोशिबा ह्या कंपन्यांनी तयार केली. किल्ल्यांची रचना उतरंडीसारखी आहे. सगळ्यात वर प्लेअर की, म्हणजे प्रत्येक प्लेअर बनवणाऱ्या कंपनीला लायसन्ससोबत मिळालेली किल्ली. तिने डिस्क की उघडते. डिस्क कीने टायटल की उघडते. आणि टायटल कीने प्रत्यक्ष चित्र-आवाजाचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे. एकच डिस्क की चारशेच्या आसपास वेगवेगळ्या प्लेअर कींनी बंद करून डिस्कच्या अगदी आतल्या लीड-इन भागात ठेवलेली असते, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा प्लेअर आपापल्या किल्लीने ती काढू शकतो. सेक्टर 2048 बाइटचा, त्यातले पहिले 128 बाइट उघडे आणि पुढचे स्क्रॅम्बल केलेले, तेही सगळ्याच सेक्टरांत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामुळेच ही सगळी सॉफ्टवेअरं जन्माला आली. डिस्कची जशीच्या तशी, बिटला बिट नक्कल केली तर कुलूप तोडायची गरजच काय, असं कुणालाही वाटेल. पण दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या डिस्कवर लीड-इनमधला किल्ल्यांचा भाग लिहिताच येत नाही, तो कारखान्यातच निकामी केलेला असतो. म्हणजे कुलूपबंद सेक्टर उतरतात आणि किल्ली मागे राहते. नुसत्या फायली ओढून हार्डडिस्कवर टाकल्या तर एकतर वाचताना एरर येते नाहीतर पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन नाचतात. त्यामुळे आधी उलगडणं, मग लिहिणं, हाच एक मार्ग उरतो.

किल्ली 40 बिटांचीच का, ह्यावर बहुतेक लिखाणात अमेरिकेच्या त्या वेळच्या निर्यात नियमांकडे बोट दाखवलेलं दिसतं. ते काही अंशी खरंही असेल, पण नुसत्या लांबीला दोष देणं पुरेसं वाटत नाही. सीएसएसमध्ये 17 बिटांचं आणि 25 बिटांचं अशी दोन शिफ्ट रजिस्टरं (किल्लीपासून आकड्यांची लांब माळ काढणारी यंत्रणा) आहेत आणि त्यांचे आकडे साध्या बेरजेने एकत्र केले जातात, त्यामुळे एका रजिस्टरच्या सगळ्या शक्यता तपासल्या की दुसरं आपोआप हातात येतं. फ्रँक स्टीव्हन्सन यांनी 1999च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास हे विश्लेषण मांडलं. त्यांच्या पद्धतीने प्लेअर की हातात नसतानाही डिस्क की साधारण 2चा 25वा घात इतक्या कामात निघते, म्हणजे त्या काळच्या घरगुती पीसीवरही काही सेकंदांचा खेळ. मूळ दोष रचनेतच होता, हेच मत जास्त पटण्यासारखं आहे.

डीसीएसएस कुणाचं? ऑक्टोबर 1999मध्ये सीएसएसचं कुलूप काढणारा डीसीएसएस नावाचा छोटा विंडोज प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्याला नॉर्वेच्या जॉन लेक योहानसेन ह्या शाळकरी मुलाचं नाव कायमचं चिकटलं, त्याचं वय तेव्हा 15. वर्तमानपत्रांनी तर ‘डीव्हीडी फोडणारा पोरगा’ असंच चित्र रंगवलं. पण कोर्टात पुढे आलेली माहिती बघितली तर काम तिघांच्या गटाचं होतं, गटाचं नाव एमओआरई, आणि प्लेअर उलगडून आतला अल्गोरिदम आणि किल्ली काढण्याचं काम त्यातल्या एका जर्मन सदस्याने केलं, ज्याने आपलं खरं नाव कधी उघड केलं नाही. योहानसेनचा वाटा मुख्यतः वापरणाऱ्याला दिसणाऱ्या खिडक्या-बटणांचा आणि प्रोग्राम लोकांपर्यंत पोचवण्याचा. किल्ली मिळाली ती झिंग कंपनीच्या सॉफ्टवेअर प्लेअरमधून, कारण त्यांनी ती पुरेशी लपवलेलीच नव्हती. शिवाय डेरेक फॉकस यांनी लिनक्ससाठी लिहिलेला ड्राइव्हशी ओळख पटवण्याचा कोड आधीच फिरत होता आणि डीसीएसएसमध्ये तो वापरलेला आढळतो. ड्रिंक ऑर डाय ह्या गटाचा स्पीड रिपर त्याही आधीचा असल्याचं सांगतात, पण त्याचा सोर्स कोड उघड झाला नव्हता, म्हणून पुढच्या सॉफ्टवेअरांचा पूर्वज म्हणून डीसीएसएसलाच मान द्यावा लागतो.

दुसरा वाद हेतूचा. योहानसेनचं म्हणणं, लिनक्सवर डीव्हीडी बघायला एकही प्लेअर नव्हता म्हणून हे केलं. विरोधकांचा प्रश्न, मग प्रोग्राम विंडोजचा कसा? त्यावर उत्तर असं दिलं गेलं की लिनक्सला तेव्हा डीव्हीडीची यूडीएफ फाइल सिस्टिम वाचता येत नव्हती, म्हणून आधी विंडोजवर करून बघितलं. न्यूयॉर्कच्या कोर्टात न्यायाधीश लुईस कॅप्लन यांना हे फारसं पटलं नाही आणि ऑगस्ट 2000मध्ये त्यांनी डीसीएसएसचा कोड देणं व त्याच्या लिंका देणं 2600 ह्या हॅकर त्रैमासिकाला बंद करायला लावलं. वरच्या कोर्टाने नोव्हेंबर 2001मध्ये तो निकाल कायम केला. ऑस्लोच्या कोर्टाने मात्र 7 जानेवारी 2003ला योहानसेनला निर्दोष सोडलं, अपिलातही त्याच वर्षी 22 डिसेंबरला तोच निकाल आला: स्वतः विकत घेतलेली डिस्क माणूस आपल्याला हवी तशी बघू शकतो, हा त्यातला गाभा. दोन देशांचे दोन कायदे आहेत आणि प्रश्नही अगदी एकच नव्हते, तरी घरी बॅकअप घेणाऱ्या सामान्य माणसाची बाजू समजून घ्यायला ऑस्लोचा निकाल जास्त उपयोगी आहे. डीसीएसएसनंतर आलेल्या, व्हिडिओलॅन प्रकल्पाच्या लिबडीव्हीडीसीएसएस ह्या लायब्ररीने तर एका चोरलेल्या किल्लीवर विसंबणंच सोडलं, आणि आजही व्हीएलसी प्लेअर डीव्हीडी लावतो तो तिच्याच जोरावर.

रिपर. सुरुवातीच्या स्मार्टरिपरसारख्या प्रोग्रामांनंतर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर बसला तो डीव्हीडी डिक्रिप्टर. लाइटनिंग यूके ह्या टोपणनावाच्या ब्रिटिश प्रोग्रामरने तो लिहिला आणि फुकट दिला. फाइल, आयएफओ (कुठला तुकडा कधी दाखवायचा हे प्लेअरला सांगणारी फाइल) आणि आयएसओ असे त्याचे तीन मोड: पहिल्यात सगळ्या फायली, दुसऱ्यात फक्त मुख्य सिनेमा, तिसऱ्यात अख्ख्या डिस्कची इमेज. 2005च्या मध्यात कायदेशीर दबावाखाली तो बंद झाला आणि हक्क मॅक्रोव्हिजन कंपनीकडे गेले. त्याच वर्षी ह्याच लेखकाने इमगबर्न काढला, ज्यात लिहिण्याची सगळी ताकद आहे पण कुलूप काढण्याचा भाग नाही.

मधल्या काळात डिस्कवाल्यांनीही नवे अडथळे आणले होते. सोनीचं आर्कोस घ्या. त्यात डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवलेले असतात, घरचा प्लेअर मेन्यूच्या सूचनांप्रमाणे त्यांच्यावरून उडी मारून जातो, त्याला ते कधी दिसतही नाहीत, पण रिपर पहिल्या सेक्टरपासून ओळीने वाचत येतो आणि तिथे जाऊन अडकतो. ह्यावर उपाय म्हणजे रिपरनेही प्लेअरसारखं वागायचं, आयएफओ फाइल वाचून कुठला तुकडा खरोखर दाखवला जातो तेवढाच उचलायचा. एनीडीव्हीडीसारखे विकत मिळणारे प्रोग्राम हे काम मागे बसून गुपचूप करत.

श्रिंक. सिनेमाच्या छापील डिस्का बहुतेक दोन थरांच्या, 8.5 जीबीच्या, कोरी स्वस्त डिस्क एका थराची, 4.7 जीबीची. दोन थरांच्या कोऱ्या डिस्का 2004मध्ये आल्या खऱ्या पण किंमत कितीतरी जास्त होती. तीन तासांच्या हिंदी सिनेमाचा हिशोब केला तर मूळ डिस्कवर सेकंदाला सरासरी 6.3 मेगाबिट जागा मिळते, एका थरावर 3.5 पण नाही, आणि त्यातूनही 448 किलोबिट आवाजाच्या एका डॉल्बी ट्रॅकला द्यायचे. गाण्यात पन्नास माणसं एकदम नाचायला लागली की एवढ्या बिटांत चित्र सांभाळणं किती अवघड होतं ते डिस्क लावून बघितलेल्यांना माहीत आहे.

सरळ मार्ग म्हणजे चित्र पूर्ण उलगडून नव्याने एन्कोड करणं, पण त्याला त्या वेळच्या पीसीवर अख्खी रात्र जायची. डीव्हीडी श्रिंकने वेगळा रस्ता घेतला, ज्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. एमपेग-2मध्ये चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे ठोकळे करून त्यांचे वारंवारतेचे आकडे साठवलेले असतात आणि पुढच्या फ्रेममध्ये काय कुठे सरकलं ते मोशन व्हेक्टरमध्ये. सगळ्यात जास्त वेळ खातं ते हे मोशन शोधणं. श्रिंक त्याला हातच लावत नाही, मूळ डिस्कवाल्या स्टुडिओने शोधलेले व्हेक्टर तसेच ठेवतो आणि फक्त ठोकळ्यांतले आकडे जास्त ढोबळ करून टाकतो, बारीक तपशील शून्य होतात आणि जागा वाचते. त्यामुळे तासांचं काम मिनिटांवर आलं. तोटा असा की आधीच्या फ्रेममधली चूक तिच्यावर बेतलेल्या पुढच्या फ्रेममध्ये वाहत जाते आणि साचत राहते. डीव्हीडीत पाल (PAL, भारतातली टीव्हीची पद्धत, सेकंदाला 25 फ्रेम) मध्ये साधारण 15 फ्रेमला, म्हणजे 0.6 सेकंदाला नवी स्वतंत्र फ्रेम येते तेव्हा ती चूक पुसली जाते, म्हणून जास्त दाबलेल्या प्रतीत भिंत किंवा आकाश हलकेच धडधडल्यासारखं दिसतं. 3.2 आवृत्तीत ह्याच साचणाऱ्या चुकीवर इलाज म्हणून एरर कॉम्पेन्सेशन घातलं गेलं, आणि ‘डीप अॅनालिसिस’ लावलं तर प्रोग्राम आधी एकदा पूर्ण सिनेमा चाळून कुठे दाबलं तर चालेल ते ठरवतो. ज्याने कुणी हे बसवलं त्याची व्हिडिओची जाण फार मोठी होती. शेवटची आवृत्ती 2004च्या जुलैमधली 3.2.0.15. प्रोग्राम फुकट होता, नंतर ह्याच नावाने पैसे मागणारी पॅकेजं निघाली त्यांचा ह्याच्याशी संबंध नाही.

दाबायच्या आधी नको ते ट्रॅक काढणं हा मात्र सगळ्यात चांगला श्रिंक. दोन तासांच्या सिनेमात 768 किलोबिटचा आवाजाचा डीटीएस ट्रॅक जवळजवळ 690 एमबी खातो, तेवढं काढलं तरी चित्र बरंच वाचतं.

बर्निंग. डायरेक्टरी व्हिडिओ_टीएस नावाचीच हवी, फायली ठरलेल्या क्रमाने हव्यात, आयएफओ आणि तिची राखीव प्रत बीयूपी एकमेकांपासून पुरेशा लांब हव्यात म्हणजे एकाच ओरखड्यात दोन्ही जात नाहीत. हे सगळं निरो किंवा इमगबर्न स्वतः बघतात. 1एक्स, म्हणजे लिहिण्याचा मूळ वेग, सेकंदाला 1.385 एमबी, त्या वेगाने पूर्ण डिस्कला तासाभराच्या आत-बाहेर लागतं. डॅश (डीव्हीडी-आर) आणि प्लस (डीव्हीडी+आर) असे कोऱ्या डिस्कचे दोन पंथ आहेत. प्लसची सोय अशी की बऱ्याच ड्राइव्हवर तिचा बुक टाइप, म्हणजे डिस्क कुठल्या प्रकारची ती नोंद, बदलून डीव्हीडी-रॉम असा लिहिता येतो आणि मग नखरे करणारे जुने प्लेअरही ती मुकाट्याने लावतात. दोन थरांच्या डिस्कवर थर कुठे बदलायचा ती जागा सिनेमातल्या सेलच्या (सिनेमाच्या छोट्या तुकड्याच्या) सीमेवर आणि 16च्या पटीतल्या सेक्टरवरच लागते, आणि पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही.

कायदा आणि भारत. अमेरिकेत 1998च्या डीएमसीए कायद्याने कुलूप तोडायची साधनं विकणंच गुन्हा ठरवलं. डीव्हीडी एक्स कॉपी विकणाऱ्या 321 स्टुडिओजविरुद्ध फेब्रुवारी 2004मध्ये निकाल गेला आणि त्याच वर्षी ती कंपनी बंद पडली. रिअलनेटवर्क्सच्या रिअलडीव्हीडीलाही 2009मध्ये मनाई झाली, जरी त्यात प्रत कुलूपबंदच राहायची. भारतात कलम 65अ हे 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलं. त्यात हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, पण हेतूची ही अट आणि कलम 52मधली खासगी वापराची सवलत एकत्र वाचली तर अमेरिकेपेक्षा इथली भाषा बरीच सौम्य आहे. विक्रीसाठी प्रती काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी, महाराष्ट्राने 2009मध्ये एमपीडीए (धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या) कायद्यात व्हिडिओ पायरट्सचा समावेश केला तो त्यांच्यासाठी.

आपल्याकडे बराच काळ व्हीसीडीचंच राज्य होतं, तिला कुलूप नाही, नुसती कॉपी केली की झालं, फक्त एका सिनेमाला दोन-तीन डिस्का. 2007च्या सुमारास मोझर बेअरने 34 रुपयांत डीव्हीडी आणि 28 रुपयांत व्हीसीडी विकायला घेतली तेव्हा विकतची डिस्क आणि कोरी डिस्क ह्यांच्या किमतीतलं अंतरच फार उरलं नाही. डिस्क ठरावीक प्रदेशातल्याच प्लेअरवर लागावी म्हणून केलेल्या विभागणीत भारत 5 नंबरच्या रीजनमध्ये येतो, पण बऱ्याच हिंदी डिस्का सगळ्या रीजनसाठी खुल्या निघायच्या. परदेशातल्या मराठी घरांत अडचण उलटी असायची, तिथल्या दुकानातून इकडे आणलेल्या डिस्का इथल्या प्लेअरवर लागत नाहीत आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचं रीजन पाचच वेळा बदलता येतं, त्यामुळे रीजनमुक्त प्रत हाच सोपा उपाय ठरला.

आता डिस्क परत लिहिण्यापेक्षा हँडब्रेक किंवा मेकएमकेव्हीने एकच फाइल करून हार्डडिस्कवर ठेवतात. हँडब्रेक स्वतः कुलूप काढत नाही, लिबडीव्हीडीसीएसएस वेगळी टाकावी लागते. लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवरचा बाहेरचा ड्राइव्ह लावून हे सगळं आजही होतं.