‘श्टेंडशेन’चे गिटार-रूपांतर
ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्त्स शूबर्ट (१७९७–१८२८) याने कवी रेलष्टाप याच्या शब्दांवर आयुष्याच्या अखेरच्या वर्षी रचलेल्या ‘श्टेंडशेन’ या गीताची एकल गिटारसाठी केलेली मांडणी. स्वच्छंदतावादी कालखंडातील लोकप्रिय चाली अभिजात गिटारवर उतरवण्याच्या प्रथेचे हे ठळक उदाहरण होय. मूळ गीत शूबर्टच्या मृत्यूनंतर १८२९ मध्ये ‘श्वानेनगेझांग’ या संग्रहात प्रसिद्ध झाले. व्हिएन्नातील गिटारवादक योहान कास्पार मेर्ट्झ (१८०६–५६) याने शूबर्टची सहा गीते गिटारसाठी मांडली, त्यांपैकी हे सर्वाधिक वाजवले जाते. त्याची पत्नी पियानोवादक होती आणि या रूपांतरांवर हंगेरियन पियानोवादक-संगीतकार फ्रान्त्स लिस्तच्या पियानो-रूपांतरांची छाप आहे.

रात्री प्रेयसीला उद्देशून गायलेल्या या गीतात पियानोची साथच छेडलेल्या तारांसारखी, तुटक स्वरांची आहे; त्यामुळे साथ गिटारवर सहज बसते. गीत डी मायनर या पट्टीत (‘डी’ हा आधारस्वर असलेल्या) असल्याने सहावी तार ‘इ’ वरून ‘डी’पर्यंत उतरवली, की खर्जाचे ‘डी’ आणि ‘ए’ हे दोन्ही मुख्य स्वर मोकळ्या तारांवर मिळतात आणि डावा हात चालीसाठी मोकळा राहतो. पोलिश संगीतकार शोपँ याच्या ई फ्लॅट मेजर या पट्टीतील नॉक्टर्नला (रात्रीचा भाव असलेल्या पियानो-रचनेला) ही सोय नाही. तेथे प्रमुख स्वरसंघातांचे (कॉर्डचे) मूळ स्वर मोकळ्या तारांवर नसल्याने पट्टी बदलणेच शहाणपणाचे ठरते.

खरी अडचण चालीत आहे. गायक दीर्घ स्वर श्वासाच्या बळावर टिकवतो, वाढवतो. गिटारचा स्वर मात्र छेडल्याक्षणी विरू लागतो. चालीच्या दीर्घ स्वरावरचे बोट साथ चालू असताना उचलले, तर ओळ तुटते, म्हणून साथीतील दुहेरी झालेले स्वर गाळून बोटांना वाट करून द्यावी लागते. रूपांतरकाराचे कसब येथेच दिसते: सारे स्वर जपणारी मांडणी कागदावर निष्ठावान दिसली, तरी वाजवताना चाल गुदमरते. वादकही चालीचे स्वर पुष्कळदा अनामिकेने, बोट लगतच्या तारेवर टेकवून छेडतात, जेणेकरून ते साथीच्या वर उमटावेत.

पुनरावृत्तीचा प्रश्न वेगळा. तीच चाल पुन्हा येते, तेव्हा गीतात नवे शब्द तिला वेगळेपण देतात. वाद्यावर तो आधार नसतो. लिस्तने यावर चालीच्या तुकड्यांचा वरच्या सप्तकात प्रतिध्वनी उमटवण्याची युक्ती काढली आणि मेर्ट्झने ती गिटारवर आणली. सहा तारांवर खर्ज, साथ, चाल आणि प्रतिध्वनी एकत्र सांभाळणे हा या मांडणीतील सर्वांत अवघड भाग असून तेथे लय किंचित सैल सोडण्याची मुभा वादक घेतात. ती अती घेतल्यास तीन मात्रांची झुलती चाल मात्र हरवते.