टंगस्टनचे पुनरागमन: संमीलन-यंत्रांच्या भिंतींवरील मुलाम्याची पार्श्वभूमी

तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लावतात ती आतले अन्न कळकू नये म्हणून. अणुसंमीलनासाठी, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी, उभारलेल्या टोकामॅक (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या) यंत्रांच्या आतल्या भिंतीला धातूचा मुलामा देण्यामागेही मूळ काळजी तीच आहे. भिंतीचे अणू निसटून प्लाझ्मात, म्हणजे आतल्या अतितप्त विद्युतभारित वायूत, शिरले की तो निवतो, आणि अणू जितका जड तितके थोडे अणू त्यासाठी पुरतात.

हा धडा १९७० च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या पीएलटी यंत्रावर मिळाला. प्लाझ्माची कड रोखणारे त्याचे अडसर टंगस्टनचे होते. ३४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळणारा हा धातू टिकला खरा. पण त्याचे अणू प्लाझ्माच्या मध्यभागी साचले, तिथली ऊर्जा प्रारणरूपाने निघून गेली आणि मध्यभागच भोवतालापेक्षा थंड पडला. अडसर कार्बनचे केल्यावर १९७८ मध्ये याच यंत्राने सुमारे ६ कोटी अंशांचा टप्पा गाठला. पुढे युरोपचे जेट, अमेरिकेचे टीएफटीआर आणि जपानचे जेटी-६० या तिन्ही मोठ्या यंत्रांनी कार्बनच स्वीकारला.

कार्बनचा दोष ट्रिटियम हे इंधन, म्हणजे हायड्रोजनचेच जड रूप, वापरताना जाचू लागला. हायड्रोजनशी संयोग पावून कार्बन झिजतो, इतरत्र पुन्हा साचतो आणि त्या साक्यात दुर्मीळ, किरणोत्सारी ट्रिटियम अडकून पडते. जर्मनीतील गार्शिंगच्या अस्डेक्स अपग्रेडने म्हणून १९९९ ते २००७ या काळात ग्रॅफाइटच्या फरशांवर टप्प्याटप्प्याने टंगस्टन चढवले. भरीव टंगस्टन जड, ठिसूळ आणि घडवायला अवघड. त्यामुळे त्याला पुन्हा संधी मिळाली ती या मुलाम्यामुळेच, असे मला ठामपणे वाटते.

जेटमध्ये २०११ पासून मुख्य भिंतीवर बेरिलियम आणि तळाशी टंगस्टन आले. तिथल्या कार्बन-तंतूंच्या फरशांवरचा मुलामा अवघा १० ते २५ मायक्रोमीटर जाडीचा होता. तापताना फरशी आणि धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून दोहोंमध्ये मॉलिब्डेनमचा थर द्यावा लागला. शिवाय कार्बन वर झिरपून ठिसूळ टंगस्टन कार्बाइड बनू नये यासाठी तापमान साधारण १२०० अंशांच्या आत राखावे लागे. एवढी पथ्ये सांभाळल्यावर भिंतीत अडकणारे इंधन दहापटीहून अधिक घटले.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर यंत्राच्या २०२४ मधील सुधारित आराखड्यात विषारी बेरिलियम वगळून मुख्य भिंतीसाठीही टंगस्टन निवडले गेले. मात्र ऑक्सिजन शोषून घेण्यासाठी त्या टंगस्टनवरही बोरॉनचा पातळ थर चढवण्याची तरतूद आहे.