तिरकामठ्याचा बांबू: कामठ्याला एक, तिराला दुसरा

बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी भागात बांबूला तोटा नाही. त्यामुळे एक काठी तोडली की कामठाही (धनुष्य) झाला आणि उरलेल्यात तीरही, असं पोरांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. पण दोघांचं काम उलट आहे.

कामठ्याला जाड भिंतीचा, तीन वर्षांपुढचा जून बांबू हवा. कोवळा छान वाकतो, पण वाकलेलाच राहतो. बांबूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट असतात. खरी ताकद तिथेच. दोरी ओढली की निशाणाकडची बाजू ताणली जाते, आपल्याकडची दाबली जाते. म्हणून साल निशाणाकडे ठेवायची आणि कांब, म्हणजे कामठ्याची चिरलेली पट्टी, तासायची ती फक्त आतून. सालीवर कोयत्याचा एक ओरखडा पडला, तरी पुढे चीर तिथूनच जाते. गाठीही सपाट करायच्या नाहीत, नुसती त्यांची बोचरी कड घासून बोथट करायची.

तिराच्या काडीवर मात्र त्याच गाठी साफ तासायच्या, नाहीतर सुटताना अडतात. वाकडी काडी निखाऱ्यावर शेकून, दाबून सरळ करता येते. पण सरळपणापेक्षा ताठपणा महत्त्वाचा, आणि तोच कुणी बघत नाही. तीर सुटताना कामठ्याला वळसा घालत थोडा लवतो. मऊ काडी जास्त लवते, ताठ कमी. दोन्ही एकाच नेमाने मारल्या तरी वेगवेगळ्या जागी लागतात. काडी सुमारे ६६ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवा, मध्ये ९०० ग्रॅमच्या आसपास वजन टांगा आणि किती खाली जाते ते मोजा. सारख्या उतरणाऱ्या काड्यांचाच एक जोड.

दोन्हींसाठी बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावा आणि सावलीत वाळवावा. तेव्हा त्यात पिठूळपणा कमी असतो, भुंगा कमी लागतो. अमावस्येचा नेम पाळणारे पाळोत, माझा भरवसा ऋतूवर.

बांबू नको असेल तर कामठ्याला धामण उत्तम. चिवट आणि लवचीक लाकूड. मात्र भीमगड अभयारण्यातून काही तोडून आणायचं नाही. २०१७ साली वनकायद्यात बदल होऊन बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला, तो जंगलाबाहेरच्या जमिनीपुरता. तेव्हा बांधावरच्या बेटातला घ्या.

आणि फार हलका तीर चढवू नका. दोरीचा जोर तिरात गेला नाही तर तो कामठ्यातच राहतो, आणि एखाद्या दिवशी कांब हातात फुटते.