शाईचे डाग आणि साठ पुरुष

समलैंगिकता ‘बरी करून देतो’ असं सांगणारे आजही भेटतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, तरी दुकानं चालूच. पण हा आजार आहे, हे मुळात तपासलं कुणी होतं?

लॉस एंजेलिसमधल्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ते १९५० च्या दशकात तपासलं. तोवरचा बराचसा अभ्यास मनोरुग्ण आणि कैदी यांच्यावर झालेला. रुग्णांतूनच नमुना घेतल्यावर आजार सापडणारच! हूकरबाईंनी उपचार न घेणारे ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुष निवडले. वय, बुद्ध्यांक आणि शिक्षण जुळवून त्यांच्या जोड्या लावल्या. चाचण्या स्वतःच्या घरीच घेतल्या. समलैंगिक संबंध तेव्हा तिथे गुन्हा होता, नाव फुटलं तर माणूस आयुष्यातून उठायचा.

आता खरी गंमत. प्रत्येकाला रोर्शाक चाचणीतले शाईचे डाग दाखवून ‘यात काय दिसतं?’ विचारलं. उत्तरं नावाशिवाय नामांकित तज्ज्ञांकडे गेली, बोर्डाच्या परीक्षकाकडे उत्तरपत्रिका जाते तशी. कोण कुठल्या गटातला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मानसिक समायोजनाच्या पाच श्रेणींत दोन्ही गटांतले सुमारे दोन तृतीयांश पुरुष सरासरी किंवा त्याहून वर आले.

मग जोड्या समोर ठेवून विचारलं, यातला समलैंगिक कोणता? एका परीक्षकाचे ३० पैकी १७ अंदाज बरोबर आले, दुसऱ्याचे १८. नाणं ३० वेळा उडवलं तर सरासरी १५ छापे येतात, आणि प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो ते) √(३०×½×½), म्हणजे सुमारे २.७. त्यामुळे १८ हा आकडा एका विचलनापेक्षा फार पुढे नाही. निव्वळ योगायोगाने १८ किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. थोडक्यात, तज्ज्ञांनी नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

रोर्शाक चाचणीवर आज बरेच आक्षेप आहेत, आणि ते रास्तच आहेत. शिवाय अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. पण मनाचे दोष या चाचणीत दिसतात, असं मानणाऱ्यांच्याच हत्याराने बाईंनी त्यांचा दावा तपासला, हे मला फार आवडतं. निष्कर्ष १९५६ मध्ये शिकागोत मांडले गेले, पुढच्या वर्षी छापून आले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र आपल्या आजारांच्या यादीतून समलैंगिकता वगळायला १९७३ उजाडवलं.